पांढऱ्या तलंगेचं सासर

कोंबडी बघायला जायचं ठरलं त्या सकाळी माणिकप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले आणि खिशाला दोन पेनं लावली. कोंबडी बघायला पेनं कशाला, असं कुणी विचारू नये. नव्या कचेरीतला हेडक्लार्क घराबाहेर पडतो तो पेनं लावूनच, मग पुढं कोंबडी असो की कमिशनर.

आता या गृहस्थाच्या घराण्यात कुणी कधी अंडं फोडलेलं नाही. लिंगायताचं घर. बायको गंगम्मा उदगीरकडची, सोवळ्याला इतकी कडक की शेजारच्या घरात फोडणी बसली तर आपली खिडकी लावून घ्यायची. अशा माणसानं कोंबडीच्या नादी लागावं म्हणजे बघा, नवा जिल्हा आणि लाडकी लेक माणसाला काय काय करायला लावतात.

लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं. पावसाचा पत्ता नव्हता, विहिरींनी तळ दाखवला होता, गल्लीत टँकर आला की सख्ख्या जावा घागरीवरून एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. पण जिल्ह्याचा पहिला वाढदिवस म्हटल्यावर समारंभ नको? जुन्या जिल्ह्यात जे जे होतं ते ते इथं झालंच पाहिजे, असा साहेबांचा हट्ट. जुन्या जिल्ह्यात जनावरांचं प्रदर्शन भरायचं, म्हणून इथंही भरवायचं ठरलं. पण बैल आणायचे तर चारा कुठला आणि म्हशी आणायच्या तर पाणी कुठलं? मग कुणीतरी म्हणालं, कोंबडीला मूठभर दाणे पुरतात. झालं, 'बालगट कुक्कुट प्रदर्शन' निघालं. शाळेतल्या पोरांनी आपापली कोंबडी आणायची, पहिल्या नंबराला पदक.

माणिकप्पांनी ही गोष्ट रात्री जेवताना गंमत म्हणून सांगितली. गंमत सांगायची तर बायकोला एकटीला गाठून सांगावी. पोरगी ऐकत होती.

"अप्पा, मी भाग घेनार," शिवकन्या म्हणाली.

शिवकन्या सातवीत होती. पोर गुणाची, पण तिच्या नशिबाला दुसरा नंबर चिकटला होता. पळण्यात दुसरी, अक्षरात दुसरी, गाण्यात दुसरी. पहिली कोण, तर शेजारची वहिदा, मटणवाल्या मकसूदची मुलगी. बरं, दोघी जिवाच्या मैत्रिणी, त्यामुळं धड भांडताही येईना. शिवकन्या ताटातली भाकरी तशीच ठेवून म्हणाली, "येकदा तरी पैलं यायचं हाय मला." आणि डोळ्यांत पाणी आणलं. दुष्काळात पाणी दिसलं की माणूस पाघळतोच. माणिकप्पा पाघळले.

गंगम्मा नाही पाघळल्या. "कोंबडी उंबऱ्याच्या आत आली तर मी माहेरी," एवढंच बोलल्या आणि ताटं उचलली. शिवकन्येनंही आपली अट घातली, की प्रदर्शन झालं तरी कोंबडी विकायची नाही, कुणाला कापायला द्यायची नाही, मरेपर्यंत इथंच राहील. माणिकप्पांनी शिवाची आण घेतली. आण घ्यायला त्यांचं काय जात होतं?

तर बाजार. सोबत मेहुणा मडिवाळप्पा. हा गडी देवणीच्या बैलांचा मोठा जाणकार, निदान तो तसं सांगायचा. कोंबडी त्यानंही उभ्या जन्मात जवळून पाहिली नव्हती. पण जनावर ते जनावर, असा त्याचा हिशोब. बाजाराच्या कडेला भामाबाई नावाची म्हातारी डालगं घेऊन बसली होती. डालग्यात एक पांढरी, अजून अंड्यावर न आलेली तलंग होती. सरकारी कोंबडीच्या अवलादीची असावी. पाय पिवळेधमक, तुरा लालभडक.

माणिकप्पांना एकच बघणं ठाऊक होतं, पोरीचं. त्यांनी त्याच चालीनं सुरुवात केली. "जरा चालून दाखवा म्हणावं." भामाबाईनं तलंग खाली सोडली. तलंग चार पावलं चालली, थांबली आणि माणिकप्पांच्या चपलेवर बसली. "स्वभावानं गरीब दिसते," माणिकप्पा म्हणाले. "रंग गोरा. घराणं कुठलं?"

"मुखेडाकडलं," भामाबाई म्हणाली.

मडिवाळप्पानं त्यांना बाजूला सारलं. "दाजी, दात बगितल्याबिगर जनावर घेऊ नये." त्यानं तलंगेची चोच उघडली, आत बोट घातलं आणि गंभीर झाला. "दाजी, हिला दात न्हाईत."

"म्हातारी असंल," माणिकप्पा म्हणाले.

"आरं माज्या लेकरा," भामाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "कोंबडीला दात आले तर ती आदी तुला खाईल!"

एवढ्यावरही मडिवाळप्पा थांबला नाही. बैलबाजाराच्या रिवाजानं त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून भामाबाईच्या हातावर टाकलं आणि खाली हात घालून बोटं दाबून भाव सांगायला लागला. म्हातारीनं असा हात झटकला की उपरणं शेजारच्या भज्यांच्या कढईत जाता जाता राहिलं. "हात कामून धरतू रं मुडद्या? तोंडानं बोल की!"

तोंडानं बोलल्यावर मात्र म्हातारीनं सांगितलेला भाव ऐकून दोघंही चाट पडले. फुकटच म्हणायचं. "न्या बाबा, न्या. सध्या कोन इचारतंय कोंबडीला? पुढल्या महिन्यात आला असता तर हात बी लावू दिला नसता," भामाबाई म्हणाली. येताना एस्टीत मडिवाळप्पा छाती काढून बसला होता. "दाजी, सौदा म्हंतेत तो ह्याला." माणिकप्पांनाही ते पटलं.

आता खरी गंमत. अर्जांची छाननी माणिकप्पांच्याच टेबलाकडं होती. पोरीचा अर्ज समोर आला आणि त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. नियम असा की पक्षी या जिल्ह्याचाच हवा. आणि तलंग मुखेडाकडची, म्हणजे नांदेड जिल्ह्याची! दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. माणिकप्पांनी पोरीच्या अर्जावर लाल शाईनं हरकत घेतली, हरकतीचा कागद स्वतःच घरी नेला, पालक म्हणून स्वतःच सही करून तो स्वीकारला आणि रात्रभर काळजी करत पडले.

तोड काढली मडिवाळप्पानं. "दाजी, आमची अक्का उदगीरची. पन आज कुनी इचारलं तर कुठली म्हनाल? सासरचीच ना? मंग कोंबडीनं काय पाप केलं?" माणिकप्पा उठून बसले. दुसऱ्या दिवशी शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'माहेर नांदेड जिल्हा, सासर लातूर.' साहेबांनी न वाचता सही केली. अशी ती तलंग रीतसर लातूरची सून झाली आणि उंबऱ्याबाहेर, पायरीवरच्या डालग्यात नांदू लागली.

शेजारी हुसेनबी, म्हणजे मकसूदची आई, भिंतीवरून हे सगळं बघत होती. वहिदाची काळी कोंबडीही प्रदर्शनात उतरणार होती, आणि हुसेनबीला वाटायचं तिच्या काळीसारखी कोंबडी हैदराबादेतही मिळायची नाही. "अप्पा, तुमची मुर्गी दुबळी है. कुछ खिलाव उसकू," रोज एकदा म्हणायची. मकसूद दुकानाच्या फळीवर बसून माश्या मारायचा. कचेरीतून येताना माणिकप्पा शेजारधर्म म्हणून विचारायचे, "काय मकसूद, धंदा?"

"कुठला धंदा, अप्पा. मक्ख्या मारून राहिलो."

"दुष्काळानं सगळ्यांचीच कंबर मोडली बघ."

मकसूद त्यांच्याकडं जरा वेळ बघायचा आणि म्हणायचा, "हाव, ते बी हायेच म्हना."

प्रदर्शन सोमवारी होतं. रविवारी तलंगेला न्हाऊ घालायचं ठरलं, कारण गल्लीतल्या फुफाट्यानं ती पार खाकी झाली होती. पाणी कुठलं आणायचं? माणिकप्पांनी स्वतःच्या आंघोळीचं दिलं. बाप म्हणतात तो असा. शिवकन्येनं रिठ्याच्या फेसानं तिला हलक्या हातानं धुतलं. तलंग पांढरी झाली, पण माणिकप्पांचं समाधान होईना. आपला शर्ट कसा, लांबून चमकतो. का चमकतो? तर नीळ!

"अप्पा, नको," शिवकन्या म्हणाली. "ती हाय तशी चांगली हाय."

"पांढऱ्यातलं मला कळतं," माणिकप्पा म्हणाले आणि नीळ कालवली. जरा फिकी वाटली म्हणून आणखी टाकली. तलंग बुडवून वर काढली तेव्हा ती आभाळाच्या रंगाची झाली होती.

भिंतीवरून आवाज आला, "अगे माँ! मुर्गी है के मोर?"

मग काय, धुवा तिला. पिण्याच्या घागरीतलं पाणी गेलं, भांड्यांसाठी राखून ठेवलेलं गेलं. गल्लीत ओरड झाली की माणसाला प्यायला नाही आणि हेडक्लार्कची कोंबडी तीनतीनदा न्हाते. गंगम्मा उंबऱ्याच्या आत उभ्या राहून "अय्य शिवने, अय्य शिवने" करत होत्या. संध्याकाळी एकदाची तलंग पांढरी दिसायला लागली. पंखांखाली तेवढा निळा रंग राहिला, तो कोण बघतंय?

सोमवारी गंगम्मांचा उपास. त्या घरीच राहिल्या. बापलेक तलंग घेऊन मैदानावर गेले. मांडव, पताका, भोंगा, सगळं होतं. पाण्याचा रांजण होता, त्यात पाणी नव्हतं. परीक्षक म्हणून जनावरांचे डॉक्टर आले होते. त्यांनी एकेक पक्षी हातात घेतला, डोळे बघितले, छातीचं हाड चाचपलं. कुणाच्या कोंबडीला उवा, कुणाची खुडूक, एका पोरानं तर शेजाऱ्याचा कोंबडा आणलेला, आणि शेजारी मागून ओरडत आलेला. शेवटी राहिल्या दोन, वहिदाची काळी आणि शिवकन्येची पांढरी. डॉक्टरांनी पांढरी उचलली ती खाली ठेवेनात. "काय पक्षी आहे! कुणी निवडला?"

"माझ्या अप्पांनी," शिवकन्या म्हणाली. ते ऐकून माणिकप्पांचा ऊर भरून आला. पोरीचा चेहरा असा फुलला होता की त्यांना वाटलं, आता पाऊस नाही पडला तरी चालेल.

आणि तेवढ्यात भोंगा बोलला. "पहिल्या क्रमांकाचा पक्षी शाल आणि श्रीफळासह आपल्या प्रमुख पाहुण्यांना भेट देण्यात येईल!"

प्रमुख पाहुणे स्टेजवर बसले होते. माणूस चांगला अंगापिंडानं भरलेला, खुर्ची दिसत नव्हती. तेवढ्यात त्यांनी ढेकर दिला.

शेजारी हुसेनबी काळीला मांडीवर घेऊन बसली होती. माणिकप्पांनी खालच्या आवाजात विचारलं, "अम्मा, भेट म्हंजे... पाहुणे काय करतील हो तिचं?"

"मुर्गी का लोगां क्या करते, अप्पा?" हुसेनबी पान चघळत म्हणाली. "राखी तो नै बांधते उसकू."

शिवाची आण! पोरगी तिकडं तलंगेच्या कानात काहीतरी सांगत होती. जिंकली तर हंडीत, हरली तर घरी. त्यांनी मनाशी ठरवलं, की काय वाट्टेल ते होवो, या कोंबडीचा पहिला नंबर येता कामा नये.

"डॉक्टरसाहेब," ते पुढं झाले, "एक निवेदन आहे. हिचा तुरा एका बाजूला कलतो."

"या जातीच्या मादीचा कलायलाच हवा," डॉक्टर म्हणाले. "वा, तुमची नजर चांगली आहे."

"पाय पिवळे आहेत. मला कावीळ वाटते."

"पिवळेच पाहिजेत."

"चालताना मान हलवते."

"सगळ्याच हलवतात हो."

"कालपासून उगीच ओरडते. डोकं फिरलेलं असेल."

"अंड्यावर आलीय ती!" डॉक्टरांनी माणिकप्पांच्या पाठीवर थाप मारली. "इतक्या बारकाईनं पक्षी पाहणारा माणूस या जिल्ह्यात असेल असं वाटलं नव्हतं. पहिला नंबर हिचाच."

शिवकन्या बापाकडं बघत होती. अप्पा असं का बोलतायत ते तिला कळेना. आणि माणिकप्पांनी शेवटचं अस्त्र काढलं. "साहेब, हिला... हिला नीळ लावलीय."

डॉक्टरांनी रुमालाला थुंकी लावून पंखाखाली पुसलं. रुमाल निळा झाला. डॉक्टरांचा चेहराही तसाच बदलला. "कुणी लावली? पोरी, तू लावलीस?"

शिवकन्येनं बापाकडं पाहिलं. कचेरीतले साहेब हातभर अंतरावर उभे होते. माणिकप्पांनी तोंड उघडलं, साहेबांकडं नजर गेली आणि तोंड मिटलं. पोरीनं मान खाली घातली आणि तलंग छातीशी धरली.

तलंग बाद झाली. दुसरा नंबरसुद्धा नाही. वहिदा पहिली.

काळी स्टेजवर गेली. शाल झाली, नारळ झाला, काळी पाहुण्यांच्या हातात दिली. पाहुणे भोंग्यासमोर आले आणि पोट हलवून हसले. "अहो मंडळी, ऐन श्रावणात मला कोंबडी देताय होय? आमच्या घरात महिनाभर अंड्याचं नाव काढायची सोय नाही! आणि श्रावण नसता तरी लेकराची कोंबडी मी नेणार का? धर बाळ, कोंबडी तुझी, आणि ही शालही तुझीच." टाळ्यांचा कडकडाट झाला.

श्रावण! माणिकप्पांच्या डोक्यात आता उजेड पडला. म्हणून म्हातारीनं तलंग फुकटात दिली. म्हणून मकसूद माश्या मारत होता. सोमवारी शिवाला बेल घरात आला होता, पंचमीचे झोके गल्लीत बांधले होते, श्रावण चालू आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण श्रावणात लोक कोंबडी खायची सोडतात, हे डोक्यात यावं कसं? ज्यानं जन्मात खाल्लीच नाही त्याला बाराही महिने सारखेच.

ते तडक हुसेनबीपुढं जाऊन उभे राहिले. "अम्मा, तुमाला म्हाईत होतं ना, श्रावन हाय म्हनून?"

"मालूम था," हुसेनबी काळीला कुरवाळत म्हणाली. "मैं समझी तुमकू बी मालूम होंगा. महिना तुम्हारा है अप्पा, मेरा थोडी है."

बापलेक घरी निघाले. वाटेत माणिकप्पांनी तीनदा खाकरून पाहिलं. शिवकन्या पुढं पुढं चालत राहिली.

घरी तिनं आईच्या पदरात तोंड खुपसलं आणि सगळं सांगितलं. गंगम्मा ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. "चारचौघांत तिला नावं ठेवलाव? कावीळ म्हनलाव? डोस्कं फिरलंय म्हनलाव? उद्या हिला बघायला आले तर हिचं बी असंच सांगनार का? आनि नीळ तुमी लावायची आनि मान पोरीनं खाली घालायची?" मग त्यांच्या तोंडून माहेरची कानडी सुटली. "होरग होग्री!" म्हणजे बाहेर व्हा. आणि त्या उपाशीपोटी पायरीवर आल्या, पदर खोचला, जन्मात पहिल्यांदा कोंबडीला हात लावला आणि तलंग उचलून उंबऱ्याच्या आत घेऊन गेल्या. दार बंद झालं.

तलंग आत, माणिकप्पा बाहेर. ते रिकाम्या डालग्याशेजारी पायरीवर बसले. फळीवरून मकसूद म्हणाला, "कामून भाईर, अप्पा?"

तेवढ्यात टँकर आला. सगळी गल्ली घागरी घेऊन बाहेर पडली. साहेबांसमोर मिटलेलं तोंड आता उघडलं नाही तर कधी उघडणार? माणिकप्पा पायरीवर उभे राहिले आणि कचेरीत हजेरी घेतात तेवढ्या मोठ्यानं बोलले, "ऐका सगळे! नीळ मी लावली. पोर नको नको म्हनत होती. इचारलं तवा मी भिऊन गप बसलो. उद्या साहेबाच्या तोंडावर बी हेच सांगनार हाय."

रांग थबकली. टँकरचं पाणी तसंच वाहून चाललं, कुणाच्या लक्षात आलं नाही. खिडकी किलकिली झाली. "आनि तुऱ्याचं?" आतून शिवकन्येचा आवाज.

"तुरा जिकडं कलाया पायजे तिकडंच कलतो."

"पायाचं?"

"पाय पिवळेच पायजेत. डोस्कं बी तिचं बरोबर हाय. फिरलं होतं ते माझं."

"पैला नंबर कुनाचा?"

माणिकप्पांनी रांगेतल्या हुसेनबीकडं पाहिलं. तिच्या अंगावर नवी शाल होती. "बोलो, बोलो," ती हसून म्हणाली. "हमारे पास शाल है." वहिदाही घागर टेकवून ओरडली, "शिवकन्येच्या कोंबडीचा!"

"हिचा," माणिकप्पा म्हणाले आणि खिडकीच्या आत बोट दाखवलं.

कडी निघाली. दारात गंगम्मा होत्या, ओठांवर बोट ठेवून. "हळू या. तुमच्या इस्तरीच्या शर्टावर बसलीया. अंड्यावर आली."

"शर्टावर?" माणिकप्पा म्हणाले. "आन घरात? सोमवारी?"

"मंग कुठं धाडू तिला? सासरला?" गंगम्मा म्हणाल्या. "कागदावर असंल सून, पन पैलं बाळंतपन हाय पोरीचं. माहेरातच व्हायला पायजे."

माणिकप्पांनी चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता आत गेले.